डॅशबोर्डवर दिवा नाही, म्हणजे गाडी ठणठणीत?

सकाळी किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचे लाल-पिवळे दिवे क्षणभर चमकले आणि विझले. झालं! तुम्ही निर्धास्तपणे गिअर टाकता आणि निघता. मुलांची शाळा, ऑफिस, आठवड्याचा बाजार, सुट्टीत गावी जाणं... वर्षानुवर्षं गाडी अशीच धावते. मध्येच कधीतरी पान्याचं चिन्ह असलेला दिवा लागतो, तेव्हा सर्व्हिस सेंटरला फोन जातो. बऱ्याच घरांत गाडीची देखभाल म्हणजे एवढंच.

पण डॅशबोर्ड हा गाडीचा डॉक्टर नाही. तो फार तर थर्मामीटर आहे. ताप चढला की सांगेल. पण रक्तदाब वाढलाय, साखर वाढलीय हे त्याला कुठून कळणार? घाटात ब्रेक न लागणं, भर वेगात टायर फुटणं, पावसात समोरचं काही न दिसणं या गोष्टींच्या आधी बहुतेक वेळा कुठलाच दिवा लागत नाही. आणि गाडीत मागच्या सीटवर तुमचीच माणसं बसलेली असतात. म्हणूनच दिव्यांच्या पलीकडे काय बघायचं, हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही.

आधी दिव्यांची भाषा समजून घ्या

तेलाच्या झारीचं लाल चिन्ह : इंजिन ऑइल कमी झालं की हा दिवा लागतो, असा समज आहे. प्रत्यक्षात हा लाल दिवा ऑइलची पातळी नव्हे, तर त्याचा दाब सांगतो. गाडी चालू असताना तो लागला, याचा अर्थ इंजिनच्या फिरणाऱ्या भागांपर्यंत ऑइल नीट पोहोचत नाहीये. अशा वेळी ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ असं म्हणू नका. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा.

बॅटरीचं चिन्ह : हा दिवा बॅटरी म्हातारी झाल्याचं सांगत नाही. बॅटरी चार्ज होत नाहीये, एवढंच सांगतो. दोष अनेकदा अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या पट्ट्यात असतो.

ब्रेकचं लाल चिन्ह : हॅण्डब्रेक ओढलेला असेल किंवा ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली असेल, तर हा लागतो. ब्रेक ऑइल जुनं झालंय, त्यात पाणी मुरलंय, हे त्याला कळत नाही. ब्रेक पॅड किती झिजलेत, हेही आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये तो सांगत नाही.

सर्व्हिसचा दिवा : हा बहुतेक गाड्यांत निव्वळ हिशेबनीस आहे. इतके किलोमीटर झाले किंवा इतके महिने उलटले की लागतो. गाडी महामार्गावर धावली की रोज तीन किलोमीटरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, यातला फरक अनेक गाड्यांना समजत नाही.

एक साधी सवय लावा. किल्ली ‘ऑन’ करा, पण इंजिन सुरू करू नका. इंजिन, ऑइल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस हे सगळे दिवे लागायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. एखादा दिवा मुळात लागतच नसेल, तर तो दिवा किंवा त्याचं सर्किट बिघडलेलं असू शकतं. जुनी गाडी विकत घेताना तर हे आवर्जून बघा. दोष लपवण्यासाठी दिवाच बंद करून टाकणारे महाभागही असतात.

टायर : रस्त्याला टेकणारी एकमेव गोष्ट

गाडी कितीही महागडी असो, रस्त्याला टेकतात ती चार टायरची तळहाताएवढी जागा. ब्रेक, स्टिअरिंग, सगळं त्या जागेवर अवलंबून आहे.

हवा महिन्यातून किमान दोनदा आणि लांबच्या प्रवासाआधी तपासा. तपासायची ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघाल्या निघाल्या जवळच्या पंपावर. गाडी पळाली की टायर तापतं आणि आतला दाब वाढलेला दिसतो. हवा किती भरायची, हा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तिथे बहुधा वेगळा आकडा दिलेला असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा कमाल दाबाचा असतो, तेवढी हवा भरायची नसते.

बरेच जण म्हणतात, ‘उन्हाळा आहे, हवा थोडी कमी ठेवू, नाहीतर टायर फुटेल.’ हे नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात, वाकतात आणि त्यातून उष्णता तयार होते. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली, वर तापलेला काँक्रीटचा रस्ता आणि शंभराच्या पुढचा वेग, म्हणजे टायर फुटायला निमंत्रणच. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाला गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीम हाती घ्यावी लागली, ती यामुळेच.

नायट्रोजन भरल्यावर हवा तपासावी लागत नाही, हाही गैरसमज आहे. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब तपासणं चुकत नाही.

आता टायरची नक्षी बघा. खोबणीच्या तळाशी मधून मधून रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आलं, की नक्षी १.६ मिलिमीटर उरली असं समजा. ती शेवटची मर्यादा आहे. पावसाळ्यात त्याच्या आधीच टायर बदललेलं चांगलं, कारण खोबणी उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी घसरते. टायर एकाच बाजूने झिजत असेल, तर अलाइनमेंट करून घ्या.

गाडी कमी वापरली जाते म्हणून टायर नवंच दिसतं, तरी त्याचं वय बघा. टायरच्या कडेवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंकी आकडा असतो. २३१९ लिहिलं असेल, तर ते टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तज्ज्ञाकडून तपासून घ्या. कडेला बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला, तर नक्षी कितीही चांगली असो, ते टायर बदला.

आणि हो, स्टेपनी! हा शब्द आपल्याकडे आला तो वेल्समधल्या लानेली गावातून. १९०४ साली तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर जादा चाक बनवायला सुरुवात झाली आणि त्या रस्त्याचं नाव आपल्या भाषेत कायमचं राहिलं. पण डिकीतल्या स्टेपनीत हवा आहे की नाही, हे मात्र आपण पंक्चर झाल्यावरच बघतो. प्रत्येक वेळी चार नव्हे, पाच चाकांची हवा तपासा. जॅक आणि पाना जागेवर आहेत ना, तेही बघा. काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचा संच असतो. त्यातल्या द्रवाची मुदत संपलेली नाही ना, हे वाचून घ्या.

ब्रेक : घाटात कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डबी बंद असली, गाडी उभी असली, तरी वर्षागणिक थोडं थोडं पाणी त्यात मुरतच राहतं. डॉट ४ दर्जाच्या कोऱ्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं, की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते.

शहरात याने काही फरक जाणवत नाही. पण आंबोली असो, मनाली असो की उटी, लांबलचक उतारावर सतत ब्रेक दाबून गाडी आणली की ब्रेक प्रचंड तापतात. जुनं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पॅडल थेट खाली जातं आणि ब्रेक लागत नाही! डॅशबोर्डवर तोवर काहीही दिसलेलं नसतं.

उपाय स्वस्त आहे. साधारण दर दोन वर्षांनी, किंवा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत सांगितलंय तेव्हा, ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या. नुसतं वरून भरून घेऊ नका. ब्रेक ऑइलची पातळी आपोआप खाली जात असेल, तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे, असं समजा आणि दोन्ही तपासून घ्या. ब्रेक दाबताना चिरका आवाज येत राहिला, तर तोही इशाराच असतो. अनेक पॅडना पत्र्याची एक पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅड संपत आलं की ती डिस्कला घासून ओरडते. खरखर ऐकू येऊ लागली, तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासतंय, असं समजा.

घाट उतरण्याचा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियमही लक्षात ठेवा : ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका.

बॉनेट उघडायला घाबरू नका

इंजिन ऑइल : गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असायला हवं. महिन्यातून एकदा हे केलं तरी पुरे. काही इंजिनं दोन सर्व्हिसिंगच्या मधे थोडं ऑइल ‘पितात’, हे यातूनच लक्षात येतं. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा. ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे.

कूलंट : इंजिनच्या बाजूला अर्धपारदर्शक डबी असते, तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. पातळी बाहेरूनच दिसते. इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा डबीचं झाकण कधीही उघडू नका. उकळता द्रव अंगावर उडतो. नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतण्याची सवयही सोडा. त्यातल्या क्षारांचे थर आत बसतात. पुस्तिकेत सांगितलेलं कूलंटच वापरा. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळू नका.

इथे एक फसवी गोष्ट आहे. कूलंट जवळजवळ सगळं गळून गेलं, तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापूनही काटा खालीच राहू शकतो. म्हणजे ज्या वेळी इशाऱ्याची सर्वात जास्त गरज आहे, त्याच वेळी तो मिळत नाही. म्हणून डबीकडे स्वतः बघा. घरात लहान मुलं किंवा कुत्रा-मांजर असेल, तर जमिनीवर सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असतं.

बॅटरी : आपल्या उष्ण हवेत बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. सकाळी स्टार्टर आळसावल्यासारखा फिरू लागला, तर तीच पूर्वसूचना समजा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली, तर गाडी बंद करून गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने ती साफ करून घ्या. तीन वर्षांनंतर बॅटरीच्या दुकानात तपासणी करून घ्या, त्याला पाच मिनिटं लागतात.

ज्यांच्यासाठी दिवाच नाही

टायमिंग बेल्ट : काही इंजिनांत साखळी असते, काहींत रबरी पट्टा. पट्टा असेल तर तो ठरावीक किलोमीटर किंवा वर्षांनंतर बदलावाच लागतो. हा आकडा पुस्तिकेतच बघा. तो तुटताना बहुतेक वेळा काही सूचना देत नाही. अनेक इंजिनांत पट्टा तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडण्याचा मोठा खर्च बसतो. जुनी गाडी घेतली असेल आणि पट्टा कधी बदलला याची नोंद नसेल, तर आधी हे काम करा.

एसीचा फिल्टर : बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पुस्तिका बघून तुम्ही स्वतः काढू शकता. एसीचा झोत कमी झाला, कुबट वास येऊ लागला की आधी ‘गॅस भरा’ म्हणू नका. फिल्टर बघा. घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल, तर हे काम लांबवू नका.

वायपर : वायपरचं रबर बिघडतं ते उन्हात, पण आपल्याला कळतं ते पहिल्या पावसात. मे महिन्यातच पाणी मारून बघा. काचेवर रेघा राहिल्या, फटफट आवाज आला, तर ब्लेड बदला.

बाहेरचे दिवे : ब्रेक लाईट जळला, तर अनेक गाड्यांत आत बसून कळतच नाही. हे काम मुलांवर सोपवा. तुम्ही आत बसून ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स असं एकेक लावा आणि मुलांनी मागे-पुढे बाजूला उभं राहून सांगायचं. गाडी मात्र न्यूट्रलमध्ये, हॅण्डब्रेक ओढलेली आणि इंजिन बंद. रिव्हर्सचा दिवा बघायचा असेल, तर मुलांना आधी बाजूला घ्या.

जसा प्रदेश, तशी काळजी

आपला देश मोठा आहे आणि गाडीची पुस्तिका सगळ्यांसाठी एकच असते. पण तिच्यात ‘सिव्हिअर कंडिशन्स’ म्हणजे खडतर वापर असं एक पान असतं, जे सहसा कुणी वाचत नाही. धूळ, सततचा ट्रॅफिक, रोजची अगदी छोटी अंतरं, डोंगराळ रस्ते यांत चालणाऱ्या गाडीचं ऑइल आणि फिल्टर लवकर बदलावेत, असं तिथे सांगितलेलं असतं. तुमचा रोजचा रस्ता त्यात बसतो का, ते पाहा.

कोकण, गोवा, चेन्नई, विशाखापट्टणम अशा किनाऱ्यावर राहत असाल तर खारी हवा पत्रा खाते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गाडीचा खालचा भाग धुऊन तपासून घ्या. राजस्थान किंवा विदर्भातल्या उन्हात रबर आणि बॅटरी लवकर थकतात. दिल्लीसारख्या शहरात एसीचा फिल्टर लवकर काळा पडतो. हिमाचल किंवा लडाखला जाणार असाल तर कूलंटचं प्रमाण तपासून घ्या. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर ते गोठून इंजिनाला तडा जाऊ शकतो.

पावसाच्या प्रदेशात समोरच्या काचेखालच्या जाळीतली पानं काढत राहा. सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्या साफ ठेवा. त्या तुंबल्या की पाणी आत उतरून गालिचे आणि वायरिंग भिजतं. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर ती पुन्हा स्टार्ट करायचा मोह टाळा. इंजिनमध्ये पाणी शिरलं असेल, तर त्या एका प्रयत्नाने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा नुकसानासाठी विम्यात अनेकदा वेगळं ‘इंजिन प्रोटेक्ट’ कवच घ्यावं लागतं, हेही पॉलिसीत तपासा.

आणि उंदीर! सोसायटीत कचऱ्याच्या डब्याजवळ गाडी लावत असाल किंवा ती बरेच दिवस उभी असेल, तर अधूनमधून बॉनेट उघडून बघा. लेंड्या, कुरतडलेला फोम किंवा सोललेली वायर दिसली, तर गाडी सुरू करण्याआधी मेकॅनिकला दाखवा. गाडीत खाण्याचे कण राहू देऊ नका.

सीएनजी आणि इथेनॉल

सीएनजी गाडीच्या सिलेंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करणं बंधनकारक आहे. सिलेंडरवरच्या किंवा गाडीवरच्या पाटीवर तारीख बघा. त्याची आठवण कुठलाही दिवा करून देत नाही. गॅसचा वास आला, तर गाडी मोकळ्या जागी बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा, सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग त्याला साजेसे आहेत. त्याआधीची गाडी असेल, तर सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील तपासायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर दुर्लक्ष करू नका.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय विचाराल?

देखभाल करायची म्हणजे समोरचा सांगेल त्याला ‘हो’ म्हणायचं, असं नाही. गाडी देण्याआधी तक्रारी लिहून न्या. ‘आवाज येतो’ एवढंच न लिहिता ‘स्पीड ब्रेकरवरून जाताना पुढच्या डाव्या बाजूने खडखड’ असं लिहा. जॉब कार्डवर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लिनिंग, कोटिंग अशी कामं सुचवली, तर एकच प्रश्न विचारा : ‘हे पुस्तिकेत या किलोमीटरला सांगितलंय का?’ नसेल, तर त्याची गरज का आहे ते दाखवायला सांगा. बदललेले जुने भाग परत मागा. ताई असोत की आजोबा, हे प्रश्न विचारण्याचा हक्क गाडीच्या प्रत्येक मालकाला आहे.

फ्रिजवर लावा हे वेळापत्रक

दर आठवड्याला : गाडीखाली डाग आहे का, टायरवर फुगवटा किंवा खिळा आहे का, सगळे दिवे लागतात का.

दर पंधरा दिवसांनी : स्टेपनीसह पाचही चाकांची हवा.

दर महिन्याला : इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइलची पातळी, वायपरचं पाणी, बॅटरीची टर्मिनल.

पावसाळ्याआधी : वायपर, टायरची नक्षी, ब्रेक, पाण्याच्या निचऱ्याच्या जागा.

दरवर्षी : गाडी कमी चालली असली तरी ऑइल बदल, फिल्टर, ब्रेक पॅडची जाडी, बॅटरीची तपासणी.

दर दोन वर्षांनी : ब्रेक ऑइल. कूलंटची मुदत पुस्तिकेप्रमाणे.

शिवाय रोज गाडी चालवताना पाच मिनिटं गाणी बंद ठेवा. स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय का, ब्रेकचं पॅडल नेहमीपेक्षा खाली जातंय का, काही जळल्याचा किंवा गोडसर वास येतोय का, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही. काही वेगळं वाटलं, तर दिवा लागण्याची वाट पाहू नका. या रविवारी घरातल्या सगळ्यांना घेऊन गाडीपाशी या आणि बॉनेट उघडा. सुरुवात डिपस्टिकपासून करा, शेवट स्टेपनीने. अर्ध्या तासात पहिली तपासणी पूर्ण होईल.